पंखा का फिरला नाही?

दिवाळीच्या सुट्टीत मुंबईहून देशावर निघालेल्या गाड्या खोपोली सोडतात आणि बोरघाट सुरू होतो. खोपोली समुद्रसपाटीपासून जेमतेम ६० मीटरवर, लोणावळा सव्वासहाशे मीटरच्या आसपास. मधला साडेपाचशे मीटरचा चढ एरवी काही मिनिटांत संपतो. सलग सुट्ट्या आल्या की तोच चढ तासन् तास सरत नाही. रांग पावलापावलाने पुढे जाते, सगळ्यांचे एसी चालू, मागच्या सीटवर फराळाचे डबे आणि पेंगुळलेली मुलं. अशा वेळी कडेला एखादी गाडी दिसतेच. बोनेट वर, पुढच्या जाळीतून वाफ, चाकाखालून हिरवट पाण्याचा ओघळ.

चालकाची तक्रार बहुतेक वेळा ठरलेली असते. पनवेलपासून गाडी झकास आली, तापमानाचा काटा जागचा हलला नाही, आणि इथे रांगेत थांबल्यावरच गरम झाली. त्याला हे कोडं वाटतं. पळताना तापायला हवी ती गाडी उभी राहून कशी तापली?

जाणत्या मेकॅनिकसाठी मात्र या तक्रारीतच निम्मं निदान असतं.

पेट्रोल इंजिनातल्या उष्णतेच्या ढोबळमानाने तीन वाटण्या होतात. एक चाकांच्या कामी येते, एक सायलेन्सरमधून बाहेर जाते आणि तिसरी पाण्याच्या वाट्याला येते. पाणी ही उष्णता रेडिएटरच्या बारीक नळ्यांत नेतं आणि नळ्यांना लागून असलेल्या पातळ पत्र्यांमधून वाहणारी हवा ती उचलते. गाडी साठ-सत्तरच्या वेगात असली की समोरचा वाराच हे काम करतो. पंखा बंद पडलेला असला तरी कळत नाही. गाडी सिग्नलला थांबली, टोलनाक्यावर अडकली, घाटात रेंगाळली की वारा संपतो आणि सगळा भार पंख्यावर येतो. म्हणून गॅरेजमधला पहिला प्रश्न गाडी किती गरम होते हा नसून केव्हा गरम होते, हा असायला हवा. उभी असताना गरम आणि पळताना थंड, तर पंख्याकडे जावं. उलट, मोकळ्या रस्त्यावर वेगात काटा चढत असेल तर चोंदलेला रेडिएटर, झिजलेला वॉटर पंप, अडकलेला थर्मोस्टॅट किंवा हेड गॅस्केट यांचा संशय घ्यावा. घाटातली रांग फसवी असते, कारण तिथे चढाचा भार आणि थांबलेला वारा दोन्ही एकदम येतात. तरीही नुसतं उभं राहिल्यावर काटा वर आणि पाचशे मीटर मोकळा रस्ता मिळाल्यावर खाली, असं होत असेल तर पंख्याबद्दल फारशी शंका उरत नाही.

गंमत म्हणजे हा पंखा नेहमीच विजेवर चालत नव्हता. जर्मनीत विल्हेल्म मायबाख यांनी १९०० च्या सुमारास मर्सिडीज ३५ एचपीसाठी मधमाशांच्या पोळ्यासारखा रेडिएटर तयार केला. त्यात सहा मिलिमीटर रुंदीच्या ८,०७० चौकोनी नळ्या होत्या. गाडी हळू चालताना पाणी तापू नये म्हणून त्यामागे त्यांनी पंखा बसवला. म्हणजे घाटातल्या आजच्या चालकाची अडचण मोटारीइतकीच जुनी आहे. पुढची कित्येक दशकं पंखा इंजिनाच्याच पट्ट्यावर फिरत राहिला. मुंबईच्या रस्त्यांवर पिढ्यान् पिढ्या धावलेली, कुर्ल्यात तयार झालेली प्रीमियर पद्मिनी याच जातीची. इंजिन उभं, त्याचं तोंड पुढच्या रेडिएटरकडे आणि मध्ये पट्ट्यावर फिरणारा पंखा. इंजिन चालू म्हणजे पंखा चालू. बिघडण्यासारखं त्यात पट्ट्याखेरीज फारसं काही नव्हतं. उणीव एकच होती. गाडी रांगेत उभी असते तेव्हा इंजिन सर्वांत हळू फिरतं, आणि नेमक्या त्याच वेळी पंखाही सर्वांत हळू फिरायचा. जुने टॅक्सीवाले डिकीत पाण्याचा कॅन ठेवायचे त्यामागे हेही कारण होतं. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी २००३ च्या ऑक्टोबरमध्ये ताडदेवच्या आरटीओत नोंदली गेली आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर २०२३ च्या ऑक्टोबरअखेरीस रस्त्यावरून उतरली.

विजेच्या पंख्याची गरज इंजिन आडवं झाल्यावर पडली. १९५९ साली ब्रिटनमध्ये ॲलेक इसिगोनिस यांची मिनी आली. जागा वाचवण्यासाठी तिचं इंजिन आडवं बसवलं होतं. पट्ट्याचा पंखा टिकवायचा तर रेडिएटरही बाजूला घ्यावा लागणार होता, म्हणून मिनीचा रेडिएटर चाकाच्या कमानीलगत गेला आणि तिथे हवा कोंडायची. इटलीत दान्ते जाकोसा यांनी दुसरी वाट काढली. १९६४ च्या ऑटोबियांची प्रिमुला या गाडीत त्यांनी इंजिन आडवंच ठेवलं, पण रेडिएटर समोर वाऱ्यात आणला आणि त्याला विजेचा पंखा दिला. जिच्यापासून आपली पद्मिनी आली ती फियाट ११०० हीदेखील जाकोसा यांच्याच हाताखाली घडली होती. पट्ट्यावरच्या पंख्याची मुंबईतली सर्वांत ओळखीची गाडी आणि आज घरोघरी असलेल्या विजेच्या पंख्याची मांडणी, या दोहोंची मुळं एकाच माणसाच्या ड्रॉइंग बोर्डवर सापडतात.

भारतातल्या सामान्य घरात आडवं इंजिन आणलं ते मारुती ८०० ने. १४ डिसेंबर १९८३ रोजी पहिल्या गाडीची किल्ली इंदिरा गांधींच्या हस्ते दिली गेली. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, पुढची चाकं ओढणारी आणि रेडिएटरमागे विजेचा पंखा. त्या दिवसापासून मेकॅनिकच्या शेजारी वायरमनची गरज वाढत गेली. गाडी गरम होण्याच्या तक्रारीत पाना जितका लागतो, तितकाच आता टेस्टरही लागतो.

आज हा पंखा चालतो कसा, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी शोधाशोध त्या वाटेवरच होते. बॅटरीतून निघालेली वायर जाड फ्यूजमधून रिलेत जाते, रिलेतून पंख्याच्या मोटारीत आणि तिथून अर्थिंगने बॉडीत. छोट्या गाडीचा पंखा साधारण १० ते २० अँपिअर खातो. एवढा प्रवाह नाजूक स्विचमधून नेता येत नाही म्हणून मध्ये रिले लागतो. रिलेच्या पोटात तारेचं छोटं वेटोळं असतं. त्याला अँपिअरचा जेमतेम सहावा-सातवा भाग मिळाला की ते चुंबक बनतं आणि जाड संपर्क ओढून जोडतं. वेटोळ्याला हुकूम कोण देतं? जुन्या गाड्यांत रेडिएटरच्या टाकीत बसवलेला थर्मो स्विच. इंजेक्शनच्या गाड्यांत तापमानाचा सेन्सर ईसीएमला, म्हणजे इंजिनाच्या संगणकाला, खबर देतो आणि ईसीएम रिलेला सांगतो. पंखा लागण्याचा आकडा गाडीगणिक बदलतो, पण बहुतेकांचा ९५ ते १०० अंशांच्या आसपास असतो. पाणी पाचसहा अंश उतरलं की पंखा थांबतो.

यातली कोणतीही एक कडी तुटली की पंखा थांबतो, आणि दोष मात्र मोटारीवर येतो. मोटार बदलली जाते, हजारोंचं बिल होतं आणि आठवड्याने गाडी परत येते.

चांगला वायरमन पहिल्यांदा पाना हातात घेत नाही. तो गाडी सुरू करून एसी लावतो. एसीचा कंडेन्सर रेडिएटरच्या पुढ्यात असतो, त्यालाही हवा लागते, म्हणून एकच पंखा असलेल्या बहुतेक गाड्यांत एसी लागला की पंखाही लागतो. तसा लागला तर मोटार, फ्यूज आणि अर्थिंग एका झटक्यात निर्दोष ठरतात आणि संशय सेन्सरकडे वळतो. दोन पंख्यांच्या गाडीत ही परीक्षा जपून वापरावी लागते. तिथे फिरतोय तो कंडेन्सरचा पंखा असू शकतो आणि रेडिएटरचा मुकाट उभा. पुढची पायरी सेन्सरचा कपलर, म्हणजे वायरीचा जोड, काढण्याची. इंजेक्शनच्या बऱ्याच गाड्यांत सेन्सरची खबर बंद झाली की ईसीएम वाईटात वाईट धरून चालतो आणि पंखा सरळ सुरू करतो. कपलर काढल्यावर पंखा लागला, तर रिलेपासून मोटारीपर्यंतची वाट शाबूत आहे. मग सेन्सर तरी खोटं बोलतोय, नाहीतर त्याच्याभोवती पाणीच नाही.

हा दुसरा पर्याय फार जणांच्या ध्यानात येत नाही. सेन्सर पाण्याचं तापमान मोजतो. पाणी गळून खाली गेलं असेल किंवा कूलंट बदलताना आत हवा अडकली असेल तर सेन्सर कोरडा पडतो, इंजिन तापत जातं आणि पंखा शांत राहतो. कूलंट बदलून आणलेली गाडी दुसऱ्याच दिवशी गरम झाली, तर हवा काढण्याचं काम नीट झालं होतं का, हे आधी विचारावं. पंखा न फिरण्याचं कारण म्हणजे पाण्याची गळती, असंही असू शकतं. म्हणून वायरिंगला हात लावण्यापूर्वी थंड गाडीतलं पाणी पाहणं हा नियम पाळायलाच हवा.

कपलर काढूनही पंखा ढिम्म असेल तर फ्यूज बघावा, मग रिले. बऱ्याच गाड्यांत हॉर्नचा किंवा दिव्याचा रिले त्याच मापाचा, त्याच पिनांचा असतो. रिलेवरची आकृती जुळत असेल तर अदलाबदल करून एका मिनिटात उत्तर मिळतं. रिलेचा दोष कपटी असतो. बोट ठेवलं तर आत टिक् होतं, म्हणजे वेटोळं जिवंत आहे, पण आतले संपर्क जळून काळे पडलेले असतात आणि त्यातून प्रवाह जात नाही. टिक् ऐकून रिलेला माफ करणारे कमी नाहीत.

मग येतो टेस्टर लॅम्प, आणि इथे भलेभले चुकतात. पंख्याच्या कपलरवर लॅम्प लावला, तो लागला, म्हणजे करंट येतोय आणि मोटार गेली, असा निकाल दिला जातो. पण टेस्टरचा बारीक बल्ब अँपिअरचा अंश खातो आणि मोटारीला पंधरा लागतात. कपलरमध्ये गंज असेल, वायरचे दहा धागे तुटून एक उरला असेल, तरी बल्ब ऐटीत लागतो. मोटारीचा भार आला की तोच धागा हात टेकतो. मल्टीमीटर तर याहून फसवा, कारण तो जवळजवळ काहीच खात नाही. यावर जुन्या वायरमनांचा साधा तोडगा आहे. टेस्टरऐवजी हेडलाइटचा साठ वॅटचा बल्ब लावायचा. तो पाच अँपिअर खातो. तो पूर्ण प्रकाशाने लागला तर वाट बऱ्यापैकी निरोगी, मिणमिणला तर कुठेतरी गाठ आहे. कोकणात, समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यात, कपलरच्या पितळी पिना हिरव्या होतात आणि अर्थिंगचा बोल्ट गंजतो. तिथे मोटारीपेक्षा अर्थिंगच जास्त वेळा दोषी निघावी, यात नवल नाही.

या सगळ्यातून पार पडल्यावर मोटारीची पाळी येते. तिचा कपलर काढून बॅटरीतून फ्यूज लावलेल्या दोन वायरींनी थेट वीज द्यायची. फिरली नाही तर ती गेली. लाकडी दांड्याने हलकेच ठोकल्यावर फिरली तर आतले कार्बन ब्रश झिजलेत आणि ती फार दिवसांची सोबती नाही. हाताने पातं फिरवताना घरघर लागत असेल तर पावसाळ्याच्या चिखलपाण्याने बुश धरलाय. अशी मोटार जड फिरते, जास्त प्रवाह खाते आणि फ्यूज उडवते.

उडालेल्या फ्यूजच्या जागी जास्त अँपिअरचा फ्यूज किंवा तांब्याची तार घालण्याची सवय इथेच जिवावर बेतते. फ्यूज उडतो तो वायर वाचवण्यासाठी. तो उडायचा थांबवला की वायर तापते आणि बोनेटखाली तिच्या शेजारी पेट्रोलची नळी असते. पंख्याच्या वाटेवर आग लागू शकते, याचा दाखला कंपन्यांच्या दप्तरातही आहे. २०१४ च्या अखेरीस कियाने अमेरिकेत फोर्टे जातीच्या सुमारे ८७ हजार गाड्या परत बोलावल्या होत्या. पंख्याचा रेझिस्टन्स तापून वितळण्याचा आणि आग लागण्याचा धोका हे त्याचं कारण होतं.

रेझिस्टन्स हा दोन वेगांच्या पंख्यातला भाग. हळू वेगासाठी वीज त्यातून जाते, जोरात फिरायचं असेल तेव्हा त्याला वगळून थेट. तो जळाला की पंख्याचा हळू वेग नाहीसा होतो. गाडी बरीच तापेपर्यंत पंखा गप्प, आणि मग एकदम विमानासारखा आवाज करत सुटतो. चालकाला सगळं ठीक वाटतं, कारण पंखा फिरताना दिसतो. त्याआधी एक खूण मिळालेली असते, पण ती कुणी वाचत नाही. रस्त्यावर एसी गार लागतो आणि सिग्नलला कोमट. ही तक्रार घेऊन लोक एसीवाल्याकडे जातात, गॅस भरून घेतात आणि दोष तसाच राहतो.

स्कॅनर आल्यापासून आणखी एक चूक रुळली आहे. पडद्यावर पी ०४८० हा कोड आला की पंखा बदलायचा. तो कोड पंख्याच्या नियंत्रणाच्या सर्किटमध्ये गडबड आहे, एवढंच सांगतो. मोटार, रिले, वायर की कपलर, हे शोधणं माणसाकडेच राहतं.

मोटार बदलल्यानंतरही गाडी गरम होत राहिली तर कागदाची परीक्षा घ्यावी. पंखा चालू असताना पुढच्या जाळीसमोर कोरा कागद धरायचा. रेडिएटरमागे बसवलेला पंखा हवा आत ओढतो, त्यामुळे कागद जाळीला चिकटायला हवा. तो बाहेर ढकलला जात असेल तर मोटारीच्या दोन वायरी उलट जोडल्यात आणि पंखा वाऱ्याच्या विरुद्ध फिरतोय.

आता त्या शब्दाकडे यायला हवं, जो महाराष्ट्रातल्या कुठल्याही गॅरेजमध्ये ऐकू येतो: डायरेक्ट. दोष सापडत नाही, गिऱ्हाईक घाईत आहे, मग पंख्याची वायर इग्निशनला जोडून द्यायची. किल्ली फिरवली की पंखा सुरू, बंद केली की बंद. नाहीतर डॅशबोर्डखाली एक बटण. रात्री घाटात अडकलेल्या कुटुंबाला घरी पोहोचवण्यासाठी हा उपाय योग्य आणि माणुसकीचा आहे. पण तो तिथेच संपायला हवा. एकदा डायरेक्ट झालेली गाडी वर्षानुवर्षं तशीच धावते. मोटार सतत फिरून लवकर झिजते, आणि बटणाच्या गाडीत ते दाबायला विसरलं की इंजिनाचं हेड जातं. काही ठिकाणी तर रिले न वापरता बारीक वायरीतून सगळा प्रवाह नेतात. जोडणी किल्लीआधीच्या वायरीवरून केली असेल आणि बटण चालू राहिलं, तर गाडी बंद असतानाही पंखा फिरत राहतो. छोट्या गाडीची ३५ अँपिअर-तासांची बॅटरी पंधरा अँपिअर खाणारा पंखा अडीच तासांत रिकामी करतो. चिकटलेल्या रिलेनेही हेच होतं. ‘व्हॉल्व्ह काढून टाका’ हा सल्लाही याच घराण्यातला. थर्मोस्टॅट काढल्याने पंख्याचा दोष बरा होत नाही, फक्त इंजिन तापायला वेळ लागतो आणि खरा आजार काही दिवस लपतो. शे-पाचशेच्या रिलेवर निभावलं असतं ते काम शेवटी हेड उतरवून त्याची बैठक सपाट करून घेण्यापर्यंत जातं.

रेडिएटरच्या झाकणाचा पंख्याशी संबंध नाही, असं वाटतं. पण तोही आहे. झाकणाची स्प्रिंग आत साधारण एक बार दाब धरते, म्हणून साधं पाणीही १२० अंशांच्या आसपास जाईपर्यंत उकळत नाही. स्प्रिंग सैल पडली की हे कवच जातं. महाबळेश्वर साडेतेराशे मीटरवर आहे, तिथे उघड्या भांड्यातलं पाणी ९५-९६ अंशांनाच उकळी धरतं. पंखा लागण्याचा आकडाही तोच. म्हणजे झाकण निकामी असेल तर तिथे पंखा सुरू होण्याआधीच पाणी उकळून बाहेर पडू शकतं आणि निर्दोष पंख्यावर आळ येतो.

उभ्या इंजिनाच्या अनेक डिझेल गाड्यांत आजही पंखा पट्ट्यावरच असतो, पण मध्ये सिलिकॉन तेलाचा व्हिस्कस क्लच बसवलेला असतो. गरम हवा लागली की आतलं तेल पंख्याला घट्ट धरतं, थंड असताना सोडतं. इंजिन बंद करून, गाडी गरम असताना, पातं हाताने फिरवून पाहावं. भिंगरीसारखं फिरलं तर क्लचचं तेल गळालंय.

रस्त्यात काटा वर जाताना दिसला तर एसी बंद करावा, काचा खाली घ्याव्यात आणि हीटर पूर्ण गरमवर लावून त्याचा ब्लोअर जोरात सोडावा. हीटर म्हणजे केबिनमधला लहान रेडिएटरच. तो इंजिनाची थोडी उष्णता आत ओढतो. घामाघूम व्हायला होतं, पण कडेला पोहोचेपर्यंतचा वेळ मिळतो. काटा तरीही लाल पट्टीकडे सरकला तर इंजिन बंद करणं हाच मार्ग. रेडिएटरचं झाकण अर्धा तास तरी उघडू नये. दाब सुटताच आतलं पाणी क्षणात वाफ होऊन चेहऱ्यावर येतं. काही गाड्यांत किल्ली काढल्यावरही पंखा आपोआप सुरू होतो, म्हणून पात्यांजवळ बोटं न्यायची असतील तर आधी बॅटरीची निगेटिव्ह वायर सोडवावी. अलीकडच्या अनेक छोट्या गाड्यांत काटाच नसतो, फक्त निळा आणि लाल दिवा असतो. लाल दिवा लागतो तेव्हा सावध होण्याची वेळ निघून गेलेली असते, त्यामुळे अशा गाडीत सिग्नलला कोमट होणारा एसी हीच पहिली सूचना मानायला हवी.

गावी निघायच्या आदल्या दिवशी एवढं करावं. गाडी थंड असताना पाणी पाहावं. मग मोकळ्या जागेत गाडी उभी करून, एसी बंद ठेवून इंजिन पंधरा-वीस मिनिटं चालू द्यावं आणि पंखा आपणहून लागतो का, थोड्या वेळाने थांबतो का, ते कान देऊन ऐकावं. काटा मध्याच्या वर चढू लागला आणि पंखा लागलाच नाही, तर इंजिन लगेच बंद करावं. त्या गाडीने घाट चढू नका. ती आधी वायरमनला दाखवा, आणि पंखा डायरेक्ट करून मागू नका.